थोडी टिकटिक हवीच

आमच्या गल्लीत रविवारी कुणी गजर लावत नसे. सकाळचे कप धुऊन होतात न होतात तोच आमच्या मागच्या खोलीत फटफटी सुरू व्हायची, आणि शेजारचं तान्हं बाळ, समोरचा रात्रपाळीवाला, वरच्या मजल्यावरच्या शिवणबाई असे सगळे एकदम उठून बसायचे. पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी हलवावा, असा आवाज. लोक हसायचे. मीही हसायचे. गाडी म्हातारी झाली, म्हातारपणी कुरकुर व्हायचीच, माझ्याकडेच बघा ना, असं म्हणून वेळ मारून न्यायचे. आवाजाचा आणि गाडीच्या वयाचा काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं.

फटफटी ह्यांची. हे म्हणजे माझा नवरा. गल्लीत ह्यांना कानसेन म्हणत. आधी कौतुकानं म्हणत, मग सवयीनं, आणि शेवटी शेवटी एकमेकांकडे बघून. सूतगिरणीत हे फिटर होते. त्या हॉलमध्ये शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू जात नाही. बाकीचे कामगार कानात कापसाचे बोळे घालून आत जायचे. ह्यांनी कधी घातले नाहीत. बोळे घातल्यावर यंत्राचं दुखणं कसं ऐकू येणार, म्हणायचे. दारातून आत शिरता शिरता हे सांगायचे, पलीकडच्या रांगेतल्या अमक्या यंत्राचं बेअरिंग बोलायला लागलंय. उघडून बघितलं की तसंच निघायचं. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन येत आणि सर्कशीतला प्राणी दाखवावा तसं ह्यांना दाखवत. हे घरी येऊन ते रंगवून सांगायचे आणि दोन घास जास्त जेवायचे.

गाडी आमच्या लग्नाच्या आधीची. तिला मी सवत म्हणायचे, आणि हे त्यावर खूश व्हायचे, म्हणून पुढे म्हणायचं सोडून दिलं. टॅपेट म्हणजे काय, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगण्यात आलं. दुसऱ्या बायकांचे नवरे त्या आठवड्यात काय काय बोलतात, आमच्याकडे हे. तर इंजिनाच्या डोक्यात दोन छोट्या हातोड्या असतात आणि त्या झडपांवर टकटक करतात. हातोडी आणि झडप यांच्यामध्ये एक कागद जाईल एवढी फट हवी. ती कमी झाली तर इंजिन अगदी गप्प चालतं, ऐकायला गोड वाटतं, पण झडप आतल्या आत जळत असते. जास्त झाली तर खळखळाट होतो. 'थोडी टिकटिक हवीच,' हे म्हणायचे. 'गप्प इंजिन आणि गप्प बायको, आत काहीतरी जळतंय समजायचं.' हा विनोद घरी येणाऱ्या प्रत्येकानं ऐकलाय, आणि प्रत्येकानं माझ्याकडे बघून हसून घेतलंय.

ती फट मोजायला पातळ पोलादी पट्ट्यांचं गेज मिळतं. लेकीनं पहिल्या पगारातून ते ह्यांना आणून दिलं. ह्यांनी ते तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि एकदाही वापरलं नाही. ज्याला कान नाही त्यानं पट्ट्या घालाव्यात, असं ह्यांचं मत. ह्यांची पद्धत वेगळी. रविवारी सकाळी थंड इंजिनावर फट कमी-जास्त करणारा पेच फिरवायचा, तो हलू नये म्हणून त्यावरचा चेकनट आवळायचा, आणि मग किक मारायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. माझ्या छातीला ह्यांनी कधी एवढ्या प्रेमानं कान लावला नसेल. टिकटिक कानाला जेमतेम लागली, की मान हलवायची आणि हात पुसायचे. नाही लागली, तर गाडी बंद, इंजिन गार होईपर्यंत चहा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आणि वर एक घोषणा ठरलेली होती. 'ज्या दिवशी हिचा आवाज मला कळणार नाही, त्या दिवशी हिला घरात ठेवायची नाही. नुसती उभी करून धूळ पुसणाऱ्यातला मी नाही.' तरुणपणी हे वाक्य मला ऐटीचं वाटायचं. पुढे त्याची भीती वाटायला लागली.

ह्यांना सगळ्यात आधी ऐकू येईनासं झालं ते माझं बोलणं. त्याचं मी काही मनावर घेतलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या नवऱ्याला बायकोचं ऐकू येतं? मग दाराची घंटा गेली, कुकरची शिट्टी गेली, मग फोनवरची लेक गेली. ती शाळेत शिकवते, तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, पण बाबांपर्यंत पोचेना. फोन कानाला लावून हे नुसतं 'हो, हो, बरं' म्हणायचे. एकदा तिनं पडून पाय मुरगळल्याचं सांगितलं, तर हे म्हणाले, 'छान झालं, जपून ये.'

माणसं हल्ली पुटपुटतात, हे ह्यांचं निदान. तरी लेकीनं धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलंच. मीही गेले. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. पहिली काही मिनिटं हे भराभर दाबत होते आणि मी मनात म्हटलं, चला, एवढं काही बिघडलेलं नाही. मग तपासणाऱ्या बाईच्या लक्षात आलं, की तिचा हात हलला की हे बटण दाबतात. तिनं पाठ फिरवली. त्यानंतर ह्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. काचेपलीकडे हे ताठ बसून होते, शाळेत उत्तर येत नसलेल्या मुलासारखे, आणि मला एकदम इतका राग आला. गिरणीचा, त्या बाईचा, ह्यांनी कधीच न घातलेल्या त्या कापसाच्या बोळ्यांचा.

शिरा गेल्यात, डॉक्टर म्हणाले. पडद्याचं दुखणं असतं तर काही करता आलं असतं. कानातलं यंत्र लावून बघा, पण फार आशा ठेवू नका. यंत्र लावलं. हे दोन दिवस तोंड वाकडं करून फिरले. सगळंच पत्रा फाडल्यासारखं ऐकू येतं, म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते कपाटात गेजशेजारी जाऊन बसलं.

'माणसांचं मला ऐकू येत नाही, कबूल,' त्या संध्याकाळी हे आम्हा दोघींना म्हणाले. 'त्यात काय एवढं? माणसं बोलून बोलून बोलतात काय? पण यंत्राचं मला येतं. ते नुसत्या कानानं ऐकायचं नसतंच. हाडानं ऐकायचं असतं.'

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, राहू दे म्हणून. माणसाचं सगळंच एकदम काढून घेऊ नये. रविवारी किक मारून झाली की हे खोलीच्या दारातून ओरडून मला विचारायचे, 'कशी वाटते?' आणि मी स्वयंपाकघरातून हाताची बोटं जुळवून छान म्हणून दाखवायचे. एका 'छान'मध्ये रविवार पार पडत होता. बाहेर गल्ली कानावर उशी दाबून पडलेली असायची.

कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. तिथला गॅरेजवाला वर्षानुवर्षं नडलेल्या गाड्या रविवारी ह्यांच्याकडे आणायचा. 'काका, जरा कान लावता का?' म्हणायचा. हे कान लावायचे, चूक सांगायचे, कधी टॅपेटही लावून द्यायचे. पैशांचा प्रश्नच नव्हता. गाडी ढकलत तो दारात आला की ह्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते पगाराच्या दिवशीही येत नसे. तर त्यानं यायचं बंद केलं. न सांगता, न भांडता. हे रविवारी आपली गाडी आटोपून दारात खुर्ची टाकून बसायचे. जेवायची वेळ झाली की खुर्ची आत आणायचे. 'त्याला काम कमी असेल हल्ली,' म्हणायचे. गॅरेजसमोर गाड्यांची रांग आमच्या दारातून दिसत होती.

माझं डोकं फिरलं. एके दिवशी भाजीची पिशवी हातात घेऊन मी तडक गॅरेजात गेले.

'काय रे, गरज सरली का?' मी म्हणाले. 'इतकी वर्षं काका, काका करत दारात येत होतास. आता ओळख विसरलास?'

त्यानं रेडिओ बंद केला, हात पुसले, मला बसायला स्टूल दिलं. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

'काकू, काकांनी लावलेल्या गाड्या परत येतात,' तो म्हणाला. 'लागोपाठ तीन-चार आल्या. गिऱ्हाईक म्हणतं, आणली तेव्हा गप्प होती, नेली तेव्हा खळखळतेय. मी उघडून बघितलं, तर फट ही एवढी. मला आधी कळेचना. काका आणि असं कसं करतील? मग लक्षात आलं. काका टिकटिक ऐकू येईपर्यंत पेच सैल करतात.'

'मग? ती तर ह्यांची जुनीच रीत आहे.'

'हो, पण आता त्यांना ऐकू यायला ती केवढी मोठी लागते, ते बघा ना. तुमची गाडी म्हातारी नाही झालेली, काकू. टिकटिक ऐकू आली नाही, की काकांना वाटतं टॅपेट आवळले गेलेत, झडप जळेल. म्हणून थोडं सैल करतात. काही महिन्यांनी तेवढंही ऐकू येत नाही. मग आणखी थोडं.'

मी स्टुलावर बसून राहिले. मांडीवर पिशवी होती आणि तिच्यातून पालेभाजीचं पाणी माझ्या कपड्यांवर गळत होतं. ह्यांना किती कमी ऐकू येतं, ते डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून दाखवलं होतं आणि मला त्यातलं काही समजलं नव्हतं. इथे ते वर्षानुवर्षं दर रविवारी आख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं. जेवढा खळखळाट, तेवढे हे बहिरे. आणि आम्ही हसत होतो.

'मग तू त्यांना सांगितलं का नाहीस?' मी म्हटलं.

'तुम्ही सांगा,' तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच जमणार नव्हतं.

मलाही जमलं नाही. घरी येताना मी वाक्यं जुळवली. दारातून आत आले, तर हे खाली मांडी घालून गाडीची चेन रॉकेलमध्ये धूत बसले होते, कडी न् कडी जुन्या टूथब्रशनं घासून. मला बघून म्हणाले, 'हात लावून बघ, कशी रेशमासारखी झालीय.' मी हात लावला. खरंच झाली होती. हातांचं काम अजून पहिल्यासारखं होतं, वाईट हेच होतं. सगळंच बिघडलं असतं तर सांगणं सोपं गेलं असतं.

मग गॅरेजवाल्याच्या आणि माझ्या डोक्यातून एक शक्कल निघाली. तिला शक्कल म्हणायची लाज वाटते, इतकी ती बावळट होती. लेक ह्यांना कानाच्या डॉक्टरकडे पुन्हा दाखवायला घेऊन गेली, तेव्हा तो मागच्या दारानं आला. गेज घालून त्यानं दोन्ही टॅपेट कागदाच्या फटीवर आणून ठेवले आणि किक मारली.

मी भिंतीला टेकले. इतक्या वर्षांनी मी ती गाडी ऐकत होते. खोल, संथ, एकसारखी, आणि वरती अगदी बारीक टिकटिक, उशाशी घड्याळ ठेवल्यासारखी. तरुणपणी हिच्याच मागे बसून मी ह्यांच्या पाठीला गाल लावायचे, ते सगळं त्या आवाजात होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. गॅरेजवाला दुसरीकडे बघत राहिला.

रविवार आला. ह्यांनी किक मारली, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. मी भाजी चिरता चिरता थांबले. ह्यांच्या कपाळावर आठी पडली. मूठ कानामागच्या हाडावर नेली, मग दाढेवर टेकवली, मग कपाळावर.

'आवळलेत,' हे म्हणाले. 'टिकटिक गेली पार. बरं झालं बघितलं, झडप जळाली असती.'

इंजिन गार होईपर्यंत चहा झाला. मग ह्यांनी झाकण उघडलं आणि पेच सैल केला. जेवायच्या वेळेपर्यंत गल्लीत पुन्हा डब्यातले खिळे वाजायला लागले. 'कशी वाटते?' हे ओरडले. मी बोटं जुळवली.

हे असंच चालू राहिलं. लेक ह्यांना काही ना काही निमित्तानं बाहेर काढायची, गॅरेजवाला येऊन नीट करून जायचा, आणि हे रविवारी पुन्हा बिघडवायचे. दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त. आपोआप टॅपेट कसे आवळले जातात, याचा ह्यांना घोर लागला. पेचाचे आटे झिजले असतील म्हणून नवे नट बसवले. गाडीत जोर राहिला नाही म्हणून कार्बोरेटर तीनदा धुतला. एकदा मी धीर करून हातवारे केले, की आवाज जरा जास्त येतोय. हे इतके प्रेमानं हसले. 'तुला सगळ्याच इंजिनांचा आवाज जास्त वाटतो,' म्हणाले.

लेक म्हणाली, 'आई, हे किती दिवस करायचं?' मी म्हटलं, 'ते आहेत तोवर. नाहीतर गाडी आहे तोवर.'

आधी गाडी गेली. बाजारातून येत होतो, मी मागे, मांडीवर पिशवी. चढावर खळखळाट एवढा वाढला, की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. ह्यांची पाठ मात्र निवांत होती. मग आत काहीतरी कडकन वाजलं. मला ऐकू आलं, पलीकडच्या पानवाल्याला ऐकू आलं. ह्यांना नाही. ह्यांना कळलं ते गाडी पायाखाली मेल्यावर. गॅरेजसमोरून ढकलत नेताना गॅरेजवाला धावत आला, तर ह्यांनी हातानंच त्याला थांबवलं. हे हँडल धरून पुढे आणि मी मागून ढकलत, अशी आमची वरात घरी पोचली.

ह्यांनी झाकण उघडलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मुद्दामच. बराच वेळ मागून पान्यांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. मी दारात जाऊन बघितलं, तर हे स्टुलावर बसून तळहातावरच्या एका छोट्याशा नटाकडे बघत होते.

एका झडपेचा चेकनट सुटून आलेला होता. पेच इतका बाहेर काढलेला, की त्याला धरायला आटेच उरले नव्हते. आतली दांडी निसटून वाकली होती. दुसरी झडप मात्र जशीच्या तशी होती. ह्यांनी मला जवळ बोलावलं आणि त्या दुसऱ्या झडपेच्या फटीत आपल्या अंगठ्याचं नख घातलं. कागद मावायचा तिथे नख आरामात मावलं. हलवलं तर हललं. हे त्या नखाकडे बघत होते. सगळं आयुष्य हा माणूस हातानं कामं करत आला होता, त्याला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मग ह्यांनी नट माझ्यासमोर धरला. त्याच्या कोपऱ्यांवर चकाकते ओरखडे होते.

'हा माझा पाना नाही,' हे म्हणाले. 'मी रिंग पाना वापरतो. त्यानं कोपरे घासत नाहीत.'

मी ते ओरखडे बोटानं चाचपले.

'कोण येत होतं?'

मी गॅरेजच्या दिशेनं बोट केलं.

'म्हणजे तो नीट करत होता आणि मी बिघडवत होतो.'

मी मान हलवली.

'लेकीला माहीत होतं?'

हो.

'गल्लीला?'

मी काय सांगणार? गल्लीला काय माहीत नसतं? मी पुन्हा मान हलवली.

'म्हणजे मला सोडून सगळ्यांना,' हे म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि आम्ही दोघंही सुटलो असतो. हे नुसते नट बोटांत फिरवत बसले. मग अगदी हळू, स्वतःलाच ऐकू येत नसल्यानं आवाज किती लहान झालाय हे न कळून, म्हणाले, 'यंत्राचंही नाही तर.'

पुढचे काही दिवस घरात झाडूचा आवाज मोठा वाटायचा. मग हे उठले. वाकलेली दांडी बदलली, नवे नट आणले. गॅरेजमधून ते घेऊन आले तेव्हा तिथे काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. कपाटातून फडकं काढलं, त्यातून लेकीनं दिलेलं गेज काढलं. पट्ट्यांवर कोरलेले आकडे वाचायला चष्मा लागला. हे खिडकीशी जाऊन एकेक पट्टी उजेडात धरून बघत होते. ज्याला कान नाही त्यानं, हे ह्यांचंच वाक्य त्या खोलीत आमच्या दोघांच्यामध्ये उभं होतं. ह्यांनी पट्टी घातली, पेच फिरवला, पट्टी ओढून बघितली, पुन्हा घातली. आख्खी सकाळ गेली. मग किक मारली.

गाडी सुरू झाली. काय सुंदर सुरू झाली! गॅरेजवाल्यानं लावली होती त्याहून कांकणभर सरसच. शेवटी हात ह्यांचे होते. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला. माझ्याकडे बघितलं.

'कशी आहे?'

मी जवळ गेले. बोटं जुळवली. मग ह्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून म्हणाले, 'छान आहे. खरंच छान. थोडी टिकटिक आहे. हवी तेवढीच.'

हे माझ्या ओठांकडे बघत राहिले.

'तू मागेही छानच म्हणत होतीस,' हे म्हणाले, आणि गाडी बंद केली.

मी मेले असते तरी बरं, असं वाटलं. ह्यांच्यासाठी जगात एकच कान उरला होता, माझा, आणि तो मी दर रविवारी थोडा थोडा करून वाया घालवला होता. आता मी शपथ घेतली काय आणि डोकं आपटलं काय, ह्यांना ते ओठ हललेले दिसणार होते फक्त.

गाडी विकायची हे ह्यांनीच ठरवलं. लेक रडली, म्हणाली, बाबा, उभी राहू दे, कुणाचं काय जातं? ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण ऐकलं नाही. म्हणजे दोन्ही अर्थांनी नाही. गॅरेजवाल्यानं दुसऱ्या गावचा एक वायरमन शोधून आणला. सालस माणूस होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, किक मारली आणि आश्चर्यानं आमच्याकडे बघितलं. 'एवढी जुनी गाडी आणि अशी?' म्हणाला. हे त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. मग ह्यांनी त्याला टॅपेट कसे लावायचे ते सांगितलं आणि फडक्यातलं गेज त्याच्या हातात दिलं. 'पट्टी वापर,' हे म्हणाले. 'कानावर भरवसा ठेवू नकोस.'

तो गाडीवर बसला. आम्ही दारात आलो. गल्ली सरळ जाते, मग शिवणवर्गाच्या भिंतीशी डावीकडे वळून बाजाराच्या रस्त्याला लागते. गाडी खळखळत होती तेव्हा हे बाजारातून निघाले की मला इथे, चुलीपाशी ऐकू यायचे. चहाचं आधण तेव्हाच ठेवायचे मी.

'ऐक,' हे मला म्हणाले. 'जोवर ऐकू येतेय तोवर हात वर धर. आवाज गेला की खाली घे.' मग जरा थांबून म्हणाले, 'खरं सांग.'

मी हात वर केला. वायरमन निघाला. गाडी गल्लीतून गेली. वरच्या मजल्यावरच्या शिवणबाई खिडकीत आल्या होत्या, समोरचा रात्रपाळीवाला लुंगीवर दारात उभा होता. कुणी हसलं नाही. गाडी भिंतीशी वळली आणि दिसेनाशी झाली. मी सगळा जीव कानात आणला. थोडा वेळ ती बारीक टिकटिक आली, मग खालचा घुमारा तेवढा राहिला, आणि मग शेजारच्या बाळाच्या खुळखुळ्याखाली तोही बुडाला. हात खाली घ्यावासा वाटेना. पण घेतला.

हे माझ्या हाताकडेच बघत होते.

'एवढ्यात?' हे म्हणाले.

मी मान हलवली. ह्यांनी रिकाम्या गल्लीकडे एकदा बघितलं. मनात काहीतरी हिशेब केल्यासारखी ह्यांची मान हळूच हलली, रविवारी हलायची तशी.

'मग लागली होती बरोबर,' हे म्हणाले.

'हो,' मी म्हणाले, 'अगदी बरोबर.' पण तोवर ह्यांनी पाठ फिरवली होती.